साथीचे भय आणि साहित्याची साक्ष

रोगाची साथ आली म्हणजे सरकारी कचेरीत दोन प्रकारचे कागद तयार होतात. एकात आकडे असतात, दुसऱ्यात आज्ञा. लोकांना भय नेमके कशाचे वाटत होते, हे मात्र या दोहोंपैकी कोणत्याच कागदावर सापडत नाही. अज्ञान, अफवा, घबराट अशा दोन-तीन शब्दांत त्याची वासलात लावलेली असते. त्याची खरी साक्ष ललित साहित्यातच मिळते, असे आमचे मत आहे. येथे आम्ही तीन कृतींचा विचार करणार आहोत : राजिंदरसिंग बेदी यांची ‘क्वारंटीन’ ही उर्दू कथा, यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ (१९६५) ही कन्नड कादंबरी आणि आल्बेर काम्यू याची ‘ला पेस्त’ (१९४७) ही फ्रेंच कादंबरी. तिन्हींत रोग एकच आहे, प्लेग. भयाचे रूप मात्र प्रत्येकीत निराळे आहे.

बेदींच्या कथेचा निवेदक क्वारंटीनमध्ये काम करणारा डॉक्टर आहे, म्हणजे सरकारपक्षाचाच माणूस. तोच आपणांस सांगतो की, लोक प्लेगला जितके भीत नव्हते तितके क्वारंटीनला भीत होते. आरोग्यखात्याने उंदरांपासून सावध राहण्याची जी मोठमोठी भित्तिपत्रके लावली, त्यांवर उंदीर आणि प्लेग यांच्या जोडीला क्वारंटीनचेही नाव घातले. ज्या उपायाने रोग आटोक्यात यावयाचा, त्याच उपायाचा बागुलबोवा खुद्द खात्यानेच दाखवावा, यातला उपरोध बेदी आवाज न चढविता मांडतात. परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोक आजारी माणूस दडवून ठेवू लागले आणि पुष्कळदा प्रेत बाहेर पडले म्हणजेच त्या घरात प्लेग होता हे कळू लागले.

हे अज्ञान म्हणावे काय? आमच्या मते नाही. क्वारंटीनमध्ये गेलेला माणूस आप्तांपासून तुटतो, शेजारच्या खाटेवरचे मरण पाहून खचतो, आणि मेल्यावर त्याचे प्रेत विधीवाचून इतर प्रेतांबरोबर जाळले जाते. घरच्या मरणाला निदान एक चेहरा असतो. सामान्य माणूस धोक्याचे मोजमाप करतो ते केवळ ‘मरेन की जगेन’ एवढ्यावर नव्हे. मरावयाचेच झाले तर कोणाच्या हातून आणि कोणाच्या देखत, हाही त्याच्या हिशेबातला मोठा रकाना असतो. आमच्या तक्त्यांत तो रकाना नसतो, एवढेच.

पुण्याचा १८९७ चा प्लेग मराठी वाचकाला आठवतो तो मुख्यतः २२ जूनच्या रात्रीमुळे. रँडचा वध आणि चापेकर बंधूंचे बलिदान यांनी ते स्मरण व्यापून टाकले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्याआधी सोल्जर घरात शिरून तपासणी करीत, रोग्यास इस्पितळात आणि घरच्यांस छावणीत नेत, सामानसुमान जाळीत. त्या दिवसांत माजघरातल्या बाईने धोक्याचा हिशेब कसा केला असेल, याची कल्पना बेदींची ही परभाषिक कथा वाचताना अधिक स्पष्ट होते. हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, त्या वर्षी राज्यकर्त्यांचे ज्ञानही अपुरेच होते. उंदरावरील पिसवांतून प्लेग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत १८९८ साली दाखविले. उलट गढवाल-कुमाऊँच्या खेड्यांत, उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात राहावयास जाण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. कारण ठाऊक नसताही ती रीत बरोबर होती. शास्त्राचा दावा करणाऱ्यांचे कार्बॉलिक मात्र पुष्कळदा चुकीच्या जागी पडत होते.

तथापि लोकांचा अंदाज नेहमीच शहाणा असतो, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. ‘संस्कार’ वाचताना हे प्रकर्षाने जाणवते. शिवमोग्ग्याहून ताप आणि गाठ घेऊन आलेला नारणप्पा दुर्वासपुराच्या अग्रहारात मरतो. त्या धर्मबाह्य ब्राह्मणाचे और्ध्वदेहिक कोणी करावे, यावर खल चालू असता घराघरांत उंदीर गरगर फिरून मरतात आणि छपरांवर गिधाडे उतरतात. ही चिन्हे सर्वांना दिसतात. पण त्यांचा अर्थ लागतो तो एवढाच की, संस्काराविना पडलेल्या प्रेताचा हा कोप आहे. मग शंख फुंकून आणि घंटा वाजवून गिधाडे हाकलली जातात. येथे धोका दिसत नाही असे नाही, तो भलत्याच भाषेत वाचला जातो. अग्रहाराबाहेरच्या अस्पृश्य वस्तीत मात्र मेलेल्यांसकट झोपडी पेटवून देतात. त्यांचेही कारण दैवीच असते, पण कृती रोगाला अडविणारी ठरते. धर्मशास्त्राच्या पोथ्या चाळणाऱ्यांना जे साधत नाही ते त्यांना नकळत साधते, हा विरोध अनंतमूर्तींनी कोठेही बोलून दाखविलेला नाही, हे त्यांच्या संयमाचे गमक होय.

एक न्यून मात्र सांगितले पाहिजे. प्राणेशाचार्य अग्रहार सोडून निघाले की लेखकाचे लक्ष त्यांच्या आत्मशोधाकडे वळते आणि प्लेग मागे पडतो. रोग हे त्यांना प्रतीक म्हणून हवे होते. साथ म्हणून त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली नाही.

काम्यूच्या ओराँ शहरात भय उशिरा येते. इमारतीचा वृद्ध रखवालदार, येथे उंदीर नाहीतच, कोणीतरी चेष्टेने आणून टाकले, असा हट्ट धरतो. सरकारी सूचना लहान अक्षरांत, सहज नजरेस पडणार नाहीत अशा कोपऱ्यांत चिकटविल्या जातात. पुढे आठवड्याचे मृत्यू जाहीर होऊ लागतात, तरी लोक हलत नाहीत. कारण एरवी आठवड्याला किती माणसे मरतात, हेच कोणाला ठाऊक नसते. तुलनेवाचून आकडा मुका असतो, हे मर्म इतक्या साधेपणाने सांगितलेले आम्ही अन्यत्र पाहिले नाही. त्या आकड्यांची नोंद ठेवतो तो ग्राँ नावाचा नगरपालिकेतला कारकून. ठरलेल्या बढतीचा अर्ज करावयास योग्य शब्द सापडत नाहीत म्हणून तो वर्षानुवर्षे त्याच जागी राहिलेला आहे. कथेला नायक हवाच असेल तर तो हा, असे निवेदक सुचवितो. आमच्या व्यवसायबंधूंना यात थोडे समाधान वाटल्यास नवल नाही! पण या थोर कादंबरीतही एक पोकळी आहे. ओराँ अल्जीरियातले असूनही तेथील अरब वस्ती तीत जवळजवळ नाहीच. त्या गल्ल्यांत प्लेगचा अर्थ कसा लावला गेला असेल, हे काम्यू सांगत नाही.

बेदींचे थोरपण येथेच दिसते. त्यांनी भागू हा झाडूवाला कथेच्या मध्यभागी आणून उभा केला. तो पहाटे उठून गल्ल्यांत चुना टाकतो, प्रेते उचलतो, घरात अडकलेल्यांची कामे करतो. लोक खात्याला भितात, भागूला भीत नाहीत. तो अंमळ अतिसज्जन रंगविला गेला आहे, हे खरे. पण अशी माणसे केवळ कल्पनेतच असतात असे नाही. पुण्याच्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगने निवर्तल्या. कथेच्या शेवटी सत्कार आणि थैली डॉक्टरला मिळते. अभिनंदन करावयास भागू येतो तेव्हा डॉक्टर शरमतो, आणि ती शरम वाचकापर्यंत पोचते.

या कृती जुन्या झाल्या असे कोणी म्हणू नये. कोविडच्या साथीत, २०२० साली, १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा हाती घ्यावा लागला. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा सांगणारी दुरुस्ती वटहुकुमाने करावी लागली. महाराष्ट्रात घरी विलग राहावयाचे त्यांच्या डाव्या हातावर शिक्का उमटविला जाई. शिक्का संसर्ग टाळण्यासाठी होता. शेजाऱ्यांनी तो कसा वाचला असेल, हे सांगावयास नवा बेदीच हवा.

परप्रांतांत नोकरी करणाऱ्या आपणांस एक सोय आहे. उर्दू वा कन्नड जाणणारा सहकारी बहुधा शेजारच्याच टेबलावर असतो. त्याच्या मदतीने या कृती मुळातून वाचाव्यात, अशी आमची शिफारस आहे. पुढल्या साथीत सूचनेचा मसुदा आपल्यापैकीच कोणाला तरी करावयाचा आहे. रोगाची माहिती त्याला खात्याकडून मिळेल. ज्याच्या दारावर ती सूचना लागावयाची, त्या माणसाची माहिती त्याला येथेच मिळेल.