रँड मेला, उंदीर कुठे गेले?

कुणाही मराठी माणसाला प्लेगबद्दल विचारा. तो तारीख सांगेल, २२ जून १८९७. जागा सांगेल, पुण्याचा गणेशखिंड रस्ता. नावंही सांगेल: चापेकर बंधू, रँड, आयर्स्ट. मग विचारा, त्या रात्रीनंतर प्लेगचं काय झालं? इथे बहुतेक जण गप्प होतात. आपल्या आठवणीतला प्लेग त्या गोळ्यांबरोबरच संपलेला असतो.

खरा प्लेग तेव्हा नुकता कुठे सुरू झाला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढची कितीतरी वर्षं तो येत-जात राहिला आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला. मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना त्याने पुन्हा पुन्हा झोडपलं, त्यांत सातारा होता. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ मध्ये त्यांचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे ही आजच्या सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांची गोष्ट आहे. पण आपण ती पुण्याची गोष्ट म्हणून सांगतो, आणि माझी तक्रार या सांगण्याबद्दल आहे.

नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ (१९७९) हा सिनेमा घ्या. संयत, कमी बोलणारा, देशभक्तीचे ढोल न वाजवणारा हा सिनेमा आजही बघावा असा आहे. पण त्यात प्लेग येतो तो घरात घुसणाऱ्या सोल्जरांच्या बुटांसोबत. एकदा का कट शिजायला लागला, की आजार मागे पडतो. प्लेगने कारण पुरवलं, त्याचं काम झालं.

दामोदर चापेकरांचं तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त तर याहून स्पष्ट आहे. त्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुंबईतल्या पुतळ्याला डांबर फासल्याची कबुली आहे, सुधारकांवरचा राग आहे. प्लेगच्या बंदोबस्ताचा संताप त्या रागांच्या रांगेत येऊन उभा राहतो. रोग हा त्यांच्या लेखनाचा विषयच नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणंही चूक. प्रश्न नंतरच्या आपल्यासारख्यांचा आहे. आपण त्यांची चौकट जशीच्या तशी का उचलली?

जुलूम झाला नव्हता, असं मला मुळीच म्हणायचं नाही. घरझडत्या, उघड्यावर केलेली अंगतपासणी, जाळलेलं सामान हे सगळं खरं आहे. पण जुलूम आणि रोग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि आपण एकीलाच गोष्ट मानलं.

दुसरी गोष्ट सावित्रीबाई फुले यांची. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही गोष्ट आपण अलीकडे तरी सांगतो. पण तीही एका मोठ्या व्यक्तीच्या शेवटाची म्हणून. ज्या मुलाला त्यांनी उचललं, त्याच्यासारखी हजारो मुलं होती आणि त्यांना उचलायला सावित्रीबाई नव्हत्या, तिथपर्यंत ती पोचत नाही.

गंमत बघा, या दोन्ही गोष्टींची मुळं साताऱ्यात आहेत. सावित्रीबाई आजच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. आणि रँड पुण्याला येण्याआधी साताऱ्यालाच असिस्टंट कलेक्टर होता. वाईत वाद्यं वाजवण्याच्या वादात तिथल्या प्रतिष्ठितांना तुरुंगात धाडून त्याने कडक अधिकारी हा लौकिक तिथेच कमावला. साताऱ्याने पुण्याच्या नाटकाला पात्रं पुरवली आणि स्वतः विंगेतच राहिला.

असं का झालं? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे सर्व्हर कोसळला की सगळे धावतात, त्यावर अहवाल लिहिले जातात. पण सहा महिने रोज थोडी थोडी मेमरी गळत असेल, तर त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. प्लेग हा असा गळतीचा प्रकार होता. त्याला खलनायक नाही, कळसाचा प्रसंग नाही, शेवट नाही. तो दर हंगामात यायचा. गोळीबार मात्र एका रात्रीत होतो. आपल्या कथनाला ती रात्र सोयीची पडली.

पण रोगाच्या गोष्टीत नाट्य कमी होतं का? मुंबईतून लाखो लोक पळाले. पुणे-मिरज रेल्वेमार्ग काही वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. गाडीतून माणसं गावाकडे निघाली, धान्याची पोती निघाली आणि पोत्यांबरोबर उंदीर आणि पिसवाही. सरकार माणसांना तपासत राहिलं, घरं धुऊन काढत राहिलं. त्या गडबडीत उंदीर शेजारच्या घरात सरकले. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये पिसवेचा माग काढला, तेव्हा फार थोड्यांनी विश्वास ठेवला. पुढे मुंबईतल्या प्रयोगांत गिनीपिगचे पिंजरे टांगले गेले. जमिनीपासून दोन इंचांवरच्याला प्लेग झाला, दोन फुटांवरच्याला नाही. पिसवेची उडी तेवढीच!

आणि खेड्यातली माणसं काय करत होती? उंदीर पडायला लागले, की गाव सोडायचं. रानात, माळावर झोपड्या घालून महिनोन् महिने राहायचं. पिसू, जंतू यांचं नावही माहीत नसताना त्यांनी जे केलं, ते बरोबर होतं. पुढे सरकारनेही गाव रिकामं करणं हाच खेड्यातला सर्वांत उपयोगी उपाय मानला. थंडीत माळावर बाळंत होणारी बाई, मागे बंद घरात राहिलेलं दाणागोठ्याचं काय या चिंतेत जागणारा म्हातारा, परतल्यावर आधी कणगीमागे वाकून बघणारी सून. ही एका कादंबरीची सामग्री आहे.

जिवाणूने मात्र आपली बखर नीट ठेवली. गिटमध्ये जसा प्रत्येक बदल नोंदलेला राहतो, तसा त्याच्या जनुकांत राहिला. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत सापडलेल्या त्याच्या जुन्या वाणांकडे पिसवेच्या पोटात तगून राहण्याचं जनुक नव्हतं, ते नंतर आलं. चौदाव्या शतकात युरोप ओस पाडणाऱ्या साथीचा उगम शोधताना संशोधक आजच्या किरगिझस्तानातल्या इस्सिक-कुल सरोवराजवळच्या दफनभूमीत पोचले. २०२२ मध्ये त्यांनी तिथल्या मृतांच्या दातांतून जिवाणूचा डीएनए मिळवला. पण त्यांना तिथे नेलं कुणी? १३३८-३९ सालच्या थडग्यांच्या दगडांवर मृत्यूचं कारण कोरलेलं होतं: साथ. कुणीतरी तो शब्द लिहून ठेवला होता, म्हणून जवळपास सातशे वर्षांनी उत्तर मिळालं.

आपल्याकडे कृष्णेच्या काठी तो शब्द कुणी कोरला? सरकारी आकडे आहेत, पण आकड्यांत झोपडी दिसत नाही.

हा प्रश्न जुना वाटत असेल, तर मार्च २०२० आठवा. वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात एका कुटुंबाला कोरोना झाला आणि व्हॉट्सॲपवर अख्ख्या गावाला आरोपी करून झालं. बंदोबस्तासाठी सरकारने काढला तो प्लेगसाठी केलेला १८९७ चाच कायदा. मुंबईहून पुन्हा लोक साताऱ्याकडे निघाले. देशभर विखुरलेले खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर परतले आणि कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. १८९७ ची गोष्ट सांगताना आपण गावाकडे परतणारा माणूस गाळला होता. म्हणून २०२० मध्ये तो समोर आला, तेव्हा त्याच्याकडे बघायला आपल्याकडे शब्द नव्हते, फक्त संशय होता.

कोरोनाचीही आता गोष्ट होते आहे. त्यात थाळ्या आहेत, नेते आहेत, शूर डॉक्टर आहेत. शाळेच्या खोलीत चौदा दिवस एकटा पडलेला, गावचाच असूनही परका ठरलेला माणूस त्यातून आत्ताच निसटायला लागला आहे. त्याच्यावर कुणी गोळी झाडली नाही आणि त्यानेही कुणावर झाडली नाही. म्हणून तो गोष्टीत बसत नसेल, तर आपल्या गोष्टी सांगण्याच्या सवयी बदलायला हव्यात.