सिंकचे बटण आणि डीजेचा कान

आपल्याकडे ‘डीजे’ म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. इथे मला गाणी वाजवणारा माणूस अभिप्रेत आहे. सॉफ्टवेअरमधल्या ‘सिंक’च्या बटणाने दोन गाण्यांची लय आपोआप जुळते, त्यामुळे कला संपली, अशी जुन्याजाणत्यांची तक्रार असते. मला ती अर्धवट वाटते. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्कने पार्ट्यांना सुरुवात केली. पुढे एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो नाचणाऱ्यांना आवडणारा तालवाद्यांचा तुकडा लांबवू लागला. त्याचे सांधे ओबडधोबड असत. ग्रँडमास्टर फ्लॅशने तबकडीवर मेणाच्या खडूने खुणा केल्या आणि तेच काम नेमके झाले. खडू हेही तंत्रज्ञानच की!

माझा आक्षेप वेगळा आहे. जुन्या फंक गाण्यांत ड्रमवर हाडामांसाचा माणूस असतो. त्याची लय चढते-उतरते. सॉफ्टवेअरने समान अंतरावर आखलेल्या तालरेषा तिथे चुकतात. पडद्यावर सगळे जुळलेले दिसते आणि कानाला दोन ठेके एकमेकांवर अडखळताना ऐकू येतात. अशा वेळी तबकडीच्या कडेला बोट लावून लय सावरायची सवय ज्याला नाही, तो ही गाणी वाजवायचेच टाळतो. त्याच्या यादीत मग संगणकावर बांधलेली, एकाच वेगाची गाणी तेवढी उरतात.