बालकवींचा 'औदुंबर' आणि दृष्टीचा नकाशा

धरणगाव येथे १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांच्या 'औदुंबर' या आठ ओळींच्या कवितेस 'शब्दचित्र' म्हणण्याचा प्रघात आहे. चित्र म्हणजे डोळ्यांपुढे एकाच वेळी अखंडपणे उभे राहणारे दृश्य, हे यात गृहीत धरलेले असते. दृष्टीविषयीचे मेंदूविज्ञान हे गृहीतच तपासावयास लावते.

रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) डोक्यास गोळी लागलेल्या सैनिकांच्या तपासणीवरून तात्सुजी इनौये यांनी १९०९ साली, व पुढे पहिल्या महायुद्धातील जखमींवरून गॉर्डन होम्स यांनी, मेंदूच्या पश्चखंडात दृष्टिक्षेत्राचा नकाशाच असल्याचे दाखविले. नजरेच्या मध्याला या नकाशात फार मोठी जागा मिळते, कडांना अल्प. (होम्स यांचा एक महत्त्वाचा निबंध १९१८ सालचा, त्याच वर्षी भादलीजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. हा केवळ योगायोग.) १९७० नंतरच्या दशकात सेमिर झेकी यांनी माकडांच्या मेंदूत रंग व गती यांची निरनिराळी क्षेत्रे दाखविली. १९८३ साली नोंदविलेल्या एका रुग्ण स्त्रीस रंग व आकार कळत, परंतु गती दिसत नसे. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा भासे.

या प्रकाशात कविता पाहता 'चित्र' ही संज्ञा अपुरी ठरते. निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा हे रंग येथे एकामागून एक, आपापल्या वस्तूला धरून येतात. गतीही दुहेरी आहे. झरा खरोखर वाहतो. पायवाट मात्र स्थिर असून केवळ क्रियापदामुळे चालू लागते. वाचकाची नजर तिच्यामागून डोहापर्यंत जाते आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडापाशी थांबते. असा क्रम चित्रकाराला प्रेक्षकावर लादता येत नाही.

तथापि येथून पुढे जाऊन कवितेतील रंग मेंदूच्या अमुक क्षेत्राला व झरा तमुक क्षेत्राला वाटून देणे हा उतावीळपणा होय. झेकी यांनी 'इनर व्हिजन' (१९९९) या ग्रंथात असा संबंध प्रामुख्याने दृश्यकलेशी जोडला, व चित्र प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असते. कवितेच्या वाचकासमोर असतात ती काळी अक्षरे. रंग पाहण्याची क्षमता गमावूनही रंगांची कल्पना करू शकणारे रुग्ण नोंदले गेले आहेत. म्हणजे पाहण्याचा नकाशा कल्पनेवर जसाच्या तसा बसत नाही.

पांझरेकाठच्या पिंपळनेर परिसरातील विद्यार्थ्याने डोह पाहिलेला असतो. त्याला 'शब्दचित्र' हे तयार उत्तर पाठ करावयास लावण्यापेक्षा पायवाट का 'चालते' हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. शिवाय पाण्यावरील काळेपणाला कवीने दिलेले विशेषण रंगाचे नाही, चवीचे आहे. आणि ते दृष्टीच्या कोणत्याच नकाशात सापडणारे नाही.