बॅश अडतो, पण थांबत नाही

मॅक संगणकासोबत ॲपलने वर्षानुवर्षे दिलेला बॅश ३.२ हा मुळात २००६ सालचा. नावांनी ओळखायच्या कप्प्यांची यादी बॅशमध्ये आली २००९ साली, चौथ्या आवृत्तीत. अशी यादी वापरून सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणारी स्क्रिप्ट मॅकवर चालवली की काय होते? बॅश ‘हा पर्याय चुकीचा’ म्हणतो आणि खुशाल पुढची ओळ घेतो! ‘टेस्ट’ आणि ‘लाइव्ह’ ही कप्प्यांची नावे त्याला चले वाटतात, आणि किंमत न दिलेले चल म्हणजे शून्य. (बीजगणित शिकवणाऱ्यांनी कपाळाला हात लावावा!) दोन्ही पत्ते शून्य क्रमांकाच्या कप्प्यात जातात. ‘लाइव्ह’ नंतर लिहिला असेल, तर चाचणीचे सॉफ्टवेअर थेट लोकांपुढे. जुनेपणा क्षम्य आहे. अडल्यावर न थांबणे नाही. हा दोष पाचव्या आवृत्तीतही आहे. थांबायचे तर तसे स्क्रिप्टमध्ये मुद्दाम लिहावे लागते.