निवड परीक्षेची मोजपट्टी

नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेचा निकाल लागला, की तालुक्यातल्या शिक्षकांत आठवडाभर एकच विषय असतो. कोणाच्या शाळेची किती मुले ‘लागली’? ज्यांचे नाव यादीत आले ती हुशार. ज्यांचे नाही, ती ‘थोडी कमी पडली’. आपण वर्गात शिकवतो, की ज्या पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत तिने त्याहून बारीक लांबी खात्रीने सांगता येत नाही. हा नियम या परीक्षेला कोणी लावून पाहिला आहे का?

योजना मुळात वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १९८५-८६ साली आपल्या अमरावतीत आणि हरियाणातील झज्जरला पहिली दोन विद्यालये निघाली. राहणे, जेवण, पुस्तके मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक-तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा. खेड्यातल्या कित्येक घरांत पहिला अभियंता, पहिली डॉक्टर याच वाटेने आली. म्हणूनच दाराशी बसवलेला तराजू नीट तपासायला हवा.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. परीक्षा दोन तासांची, प्रश्न ८०, गुण १००. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. उत्तरांचे पर्याय चार आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आता समजा, एका मुलीला ६० प्रश्न पक्के येतात. उरलेल्या २० ठिकाणी ती अंदाजाने खूण करते. चारात एक या हिशेबाने ५ उत्तरे बरोबर यावीत. पण दर वेळी ५च येतील का?

हे वर्गातच करून पाहा. प्रत्येक मुलाने दोन नाणी एकदम उडवायची. दोन्हींवर छापा आला तर ‘उत्तर बरोबर’. असे २० वेळा. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण बत्तीस जणांची बरोबर उत्तरे ३ ते ७ यांच्या दरम्यान येतील. तीन-चार जणांना आठ किंवा अधिक मिळतील, आणि तितक्याच जणांना दोन किंवा त्याहून कमी. ज्ञान सगळ्यांचे सारखे (म्हणजे शून्य!), तरी फरक पडलाच. ३ आणि ७ यांतले अंतर चार प्रश्नांचे, म्हणजे ५ गुणांचे. काठावर जिथे मुलांची दाटी असते तिथे ५ गुणांत किती नावे मागेपुढे होत असतील, याची कल्पना आपण करू शकतो. त्या दिवशीचा ताप, पहाटेच्या एस.टी.चा प्रवास, अनोळखी केंद्र हे यात अजून धरलेच नाही. आणि परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. प्रयोगशाळेत एकच वाचन घेऊन निष्कर्ष लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही आपण परत करतो.

दुसरा मुद्दा बुद्धिमत्ता चाचणीचा. ८० पैकी ४० प्रश्न आणि १०० पैकी ५० गुण आकृत्यांना : वेगळी आकृती ओळखा, आरशातील प्रतिमा, अपूर्ण आकृती. समर्थन असे, की हे कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत, म्हणून सर्वांना सारखे. ऐकायला पटते. पण जे शाळेत शिकवत नाहीत ते बाहेर विकत मिळते. इंग्लंडमध्ये १९४४च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी अशाच चाचणीवर मुलांची वाटणी होत असे. तिथे फिलिप व्हर्नन या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिले, की सराव आणि शिकवणी यांनी या चाचणीचे गुण वाढतात. शिष्यवृत्तीचे वर्ग घेणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे कोणी सांगायलाच नको. ज्या घरी मार्गदर्शक पुस्तक आले त्या घरच्या मुलाची ‘बुद्धी’ दोन महिन्यांत वाढते.

त्याच इंग्लंडने एक गोष्ट मात्र बरी केली होती. मुलाचे वय महिन्यांत मोजून गुणांत त्याची भरपाई केली जाई. आपल्याकडे २०२५च्या प्रवेशासाठी जन्मतारखेची मर्यादा १ मे २०१३ ते ३१ जुलै २०१५ अशी होती. म्हणजे सत्तावीस महिन्यांची. एकाच बाकावर साडेनऊ वर्षांचे मूल आणि पावणेबारा वर्षांचे मूल, आणि कसोटी एकच! पाचवीच्या वर्गावर असणाऱ्यांना हा फरक किती मोठा ते ठाऊक आहे.

आता ‘ग्रामीण’ या शब्दाकडे पाहू. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण सत्र ग्रामीण शाळेत काढलेली हवीत. शहरी शाळेत एक दिवस काढला तरी मूल शहरी ठरते. त्यामुळे गावातल्या बागायतदाराचा मुलगा ग्रामीण, आणि मजुरीसाठी शहराच्या झोपडपट्टीत येऊन वर्षभराने परतलेल्याची मुलगी शहरी. बीडच्या ऊसतोड कामगारांची मुले तर या व्याख्येच्या फटीतूनच निसटतात. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. २०२५ची परीक्षा १८ जानेवारीला होती. आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेले मूल परीक्षेला बसेल. आई-बापांबरोबर फडावर गेलेले कसे बसणार?

मग करायचे काय? वयानुसार गुण जुळवणे अवघड नाही, त्याला एक तक्ता पुरतो. आकृत्यांचा भार कमी करून पाचवीपर्यंतच्या भाषा-गणिताचा वाढवता येईल. तिसरी सूचना काहींना रुचणार नाही : एक किमान पातळी ठरवावी, ती ओलांडणाऱ्या सर्वांना पात्र मानावे, आणि प्रत्येक राखीव गटातील जागा त्यांच्यात सोडतीने द्याव्यात. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांमुळे सोडत आपल्याला नवी नाही. ‘हा गुणवत्तेचा अपमान आहे,’ असे एक अनुभवी मुख्याध्यापक मला म्हणाले. मी त्यांना दोन नाणी दिली आणि वीस वेळा उडवायला सांगितले. त्यांना आठ मिळाले. पुन्हा उडवली, तर तीन.