घंटेवरचे नाव

झाक कुस्तो आणि लुई माल यांच्या ‘निःशब्द जग’ या फ्रेंच अनुबोधपटाला १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढील वर्षी ऑस्करही. सागरतळाचे रंग रुपेरी पडद्यावर आणणाऱ्या या कलाकृतीचे ऋण मान्य करूनही तिच्यातील एका प्रसंगाविषयी लिहावेसे वाटते. तो प्रसंग आहे तांबड्या समुद्रात सुमारे तीस मीटर खोल विसावलेल्या ‘थिसलगॉर्म’ या ब्रिटिश मालवाहू आगबोटीचा.

पाठीवर हवेची नळकांडी बांधलेला पाणबुड्या निळ्या अंधारात उतरतो. गंजलेले लोखंड, त्यावर चढलेले प्रवाळ, इजिप्तमधील रणभूमीसाठी निघालेल्या आणि वाटेतच राहिलेल्या मोटारसायकली. मग तो जहाजाच्या घंटेपाशी येतो आणि सुरीने तिच्यावरचा थर खरवडू लागतो. अक्षरे उजळतात, नाव वाचता येते. साऱ्या चित्रपटातील हा सर्वांत उत्कट क्षण. ब्रिटिश नौदलात जहाजाची घंटा उलटी ठेवून तिच्यातील पाण्याने बालकांना बाप्तिस्मा देण्याची प्रथा आहे. ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दृश्य अधिकच भिडेल.

आणि नेमका येथेच चित्रपट उणा पडतो. जहाजाचे नाव मिळते, पण जहाजावरची माणसे मिळत नाहीत. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानाच्या बॉम्बहल्ल्यात जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. चार खलाशी आणि नौदलाचे पाच तोफची असे नऊ जण मृत्यू पावले. अँगस मॅक्ले या खलाशाने एका सहकाऱ्याचे प्राण वाचविले. त्याबद्दल त्याला जॉर्ज पदक देण्यात आले. चित्रपट झळकला तेव्हा या घटनेला पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती. तरी त्या नऊ जणांपैकी एकाचेही नाव आपल्या कानी पडत नाही.

याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळखडक सुरुंगाने उडविला जातो, शार्कची कत्तल होते. ते क्रौर्य उघड आहे. आजचा प्रेक्षक त्यापासून आपोआप मागे सरतो. थिसलगॉर्मचा प्रसंग मात्र इतका देखणा आहे, की त्यातील उणीव ध्यानातच येत नाही. कुस्तो यांनी ती घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटारसायकल वर काढून आणली. पुढे १९९० नंतर हौशी पाणबुड्यांच्या नौका तेथे येऊ लागल्या. जहाजाच्या सांगाड्यालाच त्या दोर बांधत. त्या ओढीने पत्रे आणि कठडे निखळले, सुट्या वस्तू आठवण म्हणून नाहीशा झाल्या. याचा सारा दोष चित्रपटाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण बुडालेल्या जहाजाकडे वस्तूंचे भांडार म्हणून पाहण्याची नजर त्यानेही घडविली, हे नाकारता येत नाही.

अक्षरे उजळल्यावर निवेदकाने ‘नऊ’ हा एकच शब्द उच्चारला असता, तरी पुढची दृश्ये आपण वेगळ्या डोळ्यांनी पाहिली असती.