झाकली मूठ आणि पहिला वाचक

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण शहाणपणाची म्हणून वापरतो. नीट पाहिलं तर ती रिकाम्या मुठीची म्हण आहे. मुठीत खरोखर सव्वा लाख असते, तर ती झाकून ठेवायचं कारण काय? तरीही भरलेल्या मुठी झाकून बसलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. कपाटात कवितांच्या वह्या असतात, मोबाइलमध्ये कुणाला न ऐकवलेल्या चाली असतात, पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली चित्रं असतात. आता दाखवायला मंचही लागत नाही, संपादकही लागत नाही. फोन हातात असतो, बोट पुढे जातं आणि मागे येतं.

या मागे येणाऱ्या बोटासाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंग्रजीत एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच तयार झाला आहे. ऑस्टिन क्लिऑनचं ‘शो युवर वर्क!’ हे 2014 सालचं पुस्तक त्यातलं ठळक उदाहरण. क्लिऑन स्वतः याच वाटेने आला. वर्तमानपत्राच्या पानावर हवे तेवढे शब्द ठेवून बाकीचे काळ्या शाईने खोडायचे आणि उरलेल्यांची कविता करायची, हा त्याचा खेळ. तो त्याने इंटरनेटवर मांडला, लोकांना आवडला आणि 2010मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यामुळे त्याच्या सल्ल्याला अनुभवाचा आधार आहे.

सल्ला थोडक्यात असा: अलौकिक प्रतिभा असण्याची वाट पाहू नका. तयार झालेली वस्तू दाखवण्यापेक्षा ती तयार कशी होते आहे ते दाखवा. रोज थोडं दाखवा. तुम्हाला जे येतं ते शिकवा, ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव घ्या, स्वतःचाच ढोल पिटू नका. टोमणे बसतील, ते पचवायला शिका. पुस्तक लहान आहे, चित्रांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं आणि संपल्यावर काहीतरी करावंसं वाटतं. हे शेवटचं श्रेय लहान नव्हे.

तरीही या पुस्तकाचं निदान अपुरं आहे. दिसण्याची भीती ही एकच एक गोष्ट असल्यासारखं ते बोलतं. प्रत्यक्षात त्या नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या भीती राहतात आणि तिन्हींना एकच काढा चालत नाही.

पहिली भीती हसं होण्याची. ‘लोक काय म्हणतील’ हे तिचं घरगुती रूप. मराठीत तिला आणखी एक धार आहे, ती भाषेची. वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाने लिहिणाऱ्याच्या मजकुराखाली पहिली प्रतिक्रिया अनेकदा आशयावर नसते, ‘न’ आणि ‘ण’वर असते. या भीतीवर क्लिऑनचा उपाय लागू पडतो. रोज थोडं लिहिलं की हसणारे कंटाळतात, आणि आपल्यालाही कळतं की ते मोजके आहेत.

दुसरी भीती परिणामांची आहे. ती मनाचा खेळ नसते. पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘माधोरुबागन’ या तमिळ कादंबरीवर, ती प्रसिद्ध होऊन चार वर्षं उलटल्यानंतर, त्यांच्याच गावाकडच्या भागात गदारोळ उठला. प्रशासनाने बोलावलेल्या बैठकीत त्यांना माघार घ्यावी लागली. जानेवारी 2015मध्ये त्यांनी फेसबुकवरूनच जाहीर केलं की पेरुमाळ मुरुगन हा लेखक मेला आहे. ज्या जागेचा उपयोग लोक दिसण्यासाठी करतात, त्याच जागेवर एका मोठ्या लेखकाने स्वतःच्या नाहीसं होण्याची नोटीस लावली. जुलै 2016मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते परतले. मधल्या काळातल्या कवितांचा संग्रह त्यांनी आणला तेव्हा त्याचं नाव ‘भित्र्याची गाणी’ अशा अर्थाचं ठेवलं. भीतीवर मात केली, असा दावा त्यात नाही. भीती हाच तिथे लेखनाचा विषय झाला.

‘टोमणे पचवायला शिका’ हा सल्ला अशा माणसाला देणं म्हणजे दुष्काळात उपासाचं महत्त्व सांगणं. गावात राहणारी, नवऱ्याच्या घरी राहणारी, आडनावावरून ओळखली जाणारी व्यक्ती स्वतःच्या नावाने काही मांडते तेव्हा तिच्यापुढचा हिशेब निराळा असतो. टोपणनाव घेणं, मोजक्याच लोकांना दिसेल असं मांडणं, काही काळ गप्प राहणं हे भेकडपण ठरवायचा अधिकार सुरक्षित जागी बसलेल्यांना नाही.

तिसरी भीती मात्र सर्वांत नाजूक आहे, आणि या प्रकारच्या पुस्तकांकडून तिचं सर्वांत जास्त नुकसान होतं. ‘हे अजून झालेलं नाही’ अशी ती भीती. वरून ती पहिलीसारखीच दिसते, कारण दोन्हींचा परिणाम एकच: वही बंद. पण हिच्यात स्वतःच्या कामाबद्दलचा एक निवाडा असतो आणि तो बरोबरही असू शकतो.

अरुण कोलटकर जाहिरातीच्या व्यवसायात होते आणि त्या क्षेत्रात ग्राफिक कलावंत म्हणून त्यांचं मोठं नाव होतं. लोकांची नजर कशी खेचायची, हे त्यांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. दुसऱ्यांचा माल दिसता करणं हाच त्यांचा पोटाचा धंदा होता. असा माणूस स्वतःच्या कवितेबाबत काय करतो? इंग्रजी ‘जेजुरी’ 1976मध्ये पुस्तकरूपाने आलं, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977मध्ये. त्यानंतर जवळजवळ पाव शतक त्यांचं नवं पुस्तक नाही. मग 2003-04च्या सुमारास ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ आणि इंग्रजीतली दोन पुस्तकं एकापाठोपाठ आली. सप्टेंबर 2004मध्ये ते गेले. मधल्या वर्षांत ते लिहीत होते, कापत होते, परत लिहीत होते.

‘भिजकी वही’त पुराणांतल्या, इतिहासातल्या, जगभरच्या रडणाऱ्या स्त्रियांवरच्या दीर्घ कविता आहेत. त्यांचं वजन एकमेकींवर टेकलेलं आहे. रोज थोडं दाखवण्याच्या नियमाने ही वही सुटी-सुटी बाहेर पडली असती तर दर आठवड्याला एक चांगली कविता मिळाली असती, आणि कदाचित ‘भिजकी वही’ झाली नसती. इथे क्लिऑनच्या पद्धतीची मर्यादा कळते. जे काम तुकड्यांत पुरं होतं त्याला ही पद्धत मानवते: रेखाटनं, चारोळ्या, पाककृती, गाण्याचा एखादा तुकडा. जे काम साठत-साठत मोठं होतं, त्याला रोजच्या टाळ्या मध्येच थांबवतात. कशाला टाळ्या पडल्या हे एकदा कळलं, की हात आपोआप तिकडे वळतो.

क्लिऑनच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावाही पाहायला हवा. अँडी वेअर हा प्रोग्रॅमर होता. प्रकाशनाच्या वाटेवर आधी त्याला अपयश आलं होतं. पुढे ‘द मार्शियन’ ही कादंबरी त्याने प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट टाकली. मग वाचकांच्या आग्रहावरून ती किंडलवर 99 सेंटला ठेवली, 2014मध्ये मोठ्या प्रकाशनाने छापली आणि 2015मध्ये रिडली स्कॉटचा सिनेमा आला. म्हणजे लांबलचक कादंबरीही तुकड्यांत दाखवता येते!

येते. पण ती कुणाला दाखवली होती? वेअरचे सुरुवातीचे वाचक विज्ञानाची आवड असलेले मोजके लोक होते. मंगळावर अडकलेला माणूस पाणी कसं बनवेल, बटाटे कसे पिकवेल, याचं रसायनशास्त्र आणि गणित ते तपासत, चुका कळवत आणि तो दुरुस्त करी. त्याला आधी चिकित्सक वाचक मिळाले, प्रेक्षक नंतर. ‘ऑनलाइन यश’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीचा पहिला अर्धा भाग हस्तलिखित वाचून शेरे देणाऱ्या मित्रमंडळाचा आहे. क्लिऑनच्या पुस्तकातही ही कल्पना आहे. ब्रायन ईनोकडून घेतलेली ‘सीनियस’, म्हणजे एकट्याची नव्हे तर टोळक्याची प्रतिभा. पण पहिल्याच प्रकरणात ती सांगून पुस्तक लवकरच एकट्या माणसाच्या दिनचर्येकडे वळतं. माझ्या मते त्याने तिथेच थांबून खणायला हवं होतं.

कारण भीती जाण्याची जी खरी उदाहरणं सापडतात, त्यांत बहुतेक वेळा धाडसापेक्षा पहिल्या वाचकाचा वाटा मोठा दिसतो. तो नसेल तर काय होतं, याचं टोकाचं उदाहरण व्हिवियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणाऱ्या या बाईने आयुष्यभर रस्त्यांवर फिरून फोटो काढले. त्यांची संख्या लाखाच्या वर आहे आणि कित्येक रोल तिने धुतलेही नव्हते. भाडं थकलं म्हणून 2007मध्ये तिचं गोदामातलं सामान लिलावात गेलं. जॉन मालूफ या तरुणाने त्यातल्या निगेटिव्हचा मोठा साठा घेतला आणि 2009मध्ये काही फोटो फ्लिकरवर टाकले. बघता-बघता जगभर नाव झालं. मायर त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारली होती.

ही गोष्ट सहसा ‘पाहा, इंटरनेटने काय केलं’ अशा सुरात सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंही दिसतं. जिच्या प्रत्येक फोटोत माणसांकडे इतक्या जवळून पाहिलेलं आहे, तिच्या कामाकडे जवळून पाहणारं एकही माणूस तिने ठेवलेलं दिसत नाही. तिला दिसायचंच नव्हतं, असंही असेल. तो तिचा हक्क होता. पण तसं असेल तर आजची तिची प्रसिद्धी तिच्या मनाविरुद्धची आहे, आणि नसेल तर तिला ती मिळायला हवी होती तेव्हा मिळाली नाही. झाकल्या मुठीचा निर्णय शेवटी लिलावात दुसऱ्यांनीच घेतला.

याच्या उलट बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नसलेली ही बाई शेतात, जात्यावर, घरात काम करता-करता गात होती. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी, आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी. या दोघांनी ऐकलं आणि जमेल तेवढं उतरवून घेतलं. जे उतरवलं गेलं नाही ते हरवलं. 1951मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि 1952मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला. खानदेशातल्या बोलीत रचलेल्या या गाण्यांना भाषेवरून हसण्याची हिंमत मग कुणाला झाली नाही. इथे दिसण्याच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात: आधी ऐकणारा, मग टिपणारा, मग मोठ्या आवाजात सांगणारा. तिन्ही माणसं वेगळी होती, आणि गाणारीवर यांपैकी एकाही कामाचा बोजा नव्हता.

आजची अडचण नेमकी इथे आहे. गाणारं, टिपणारं आणि दवंडी पिटणारं माणूस एकच असावं, अशी अपेक्षा आहे. कविता करा, तिचं चित्र करा, योग्य वेळी टाका, प्रतिसादांना उत्तरं द्या. वर व्हॉट्सॲपवर ती फिरते तेव्हा खालचं नाव गळून पडतं, किंवा एखाद्या प्रसिद्ध कवीचं नाव चिकटतं! इतक्या कामांच्या दडपणालाही आपण ‘भीती’ म्हणतो आणि आत्मविश्वासाची भाषणं ऐकवतो. त्या माणसाला आत्मविश्वास कमी नसतो, मनुष्यबळ कमी असतं.

मग करायचं काय? क्लिऑनचं पुस्तक टाकून द्यायचं कारण नाही. त्याचा क्रम बदलावा. दहा हजारांपुढे जाण्याआधी दहा माणसं शोधावीत, जी ‘छान’ म्हणून थांबणार नाहीत. इंटरनेटचा हा उपयोग सर्वांत कमी केला जातो आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. चंदगडच्या कथाकाराला अमरावतीचा वाचक आणि दुबईतला संपादक एकाच संध्याकाळी मिळू शकतो, हे पितांबर चौधरींच्या काळात शक्य नव्हतं. त्या दहांपैकी दोघांनी ‘हे आता बाहेर जाऊ दे’ म्हटलं की तिसऱ्या भीतीला तिचं उत्तर मिळालं. पहिलीचा जोर निम्मा झाला, कारण हसणाऱ्यांच्या आधी वाचणारे होते. दुसरीबाबतही एकट्याने निर्णय घ्यायची वेळ उरत नाही: नाव द्यावं की नाही, कुठे मांडावं, कधी थांबावं, हे विचारायला कुणीतरी असतं.

आणि ज्यांना स्वतःचं काही दाखवायचं नाही, त्यांच्यासाठीही या विषयात एक काम आहे. आपल्या ओळखीत एखादी तरी झाकलेली वही असतेच. ती मागून घ्यावी, शेवटपर्यंत वाचावी आणि कुठे अडखळलो ते पेन्सिलने लिहून परत द्यावी.